शंखी गोगलगाय : विषाविना बंदोबस्त

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण मराठी माणूस वरकरणी गरीब दिसणाऱ्या, परंतु आतून पक्क्या असलेल्या व्यक्तीस उद्देशून वापरतो. प्राणिशास्त्रज्ञांनी या प्राण्याच्या वर्गास जे नाव दिले आहे, त्याचाही शब्दशः अर्थ 'पोटात पाय असलेले' असाच होतो. मराठी परिभाषेत त्यास 'उदरपाद' म्हणतात. म्हण रचणाऱ्या अनामिक खेडुताचे निरीक्षण शास्त्राच्या कसोटीस उतरले, असे म्हणावयास हरकत नाही. म्हणीतील दुसरा अर्थ मात्र मराठवाड्यातील शेतकऱ्यांना अलीकडेच पटला. सन २०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सोयाबीनची नुकतीच उगवलेली रोपे गोगलगायींनी रातोरात फस्त केली. सायंकाळी हिरवी दिसणारी तास सकाळी मोकळी झालेली आढळावी, असे अनेक शिवारांत घडले. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली, काहींची तीही वाया गेली. राज्य शासनाने या तीन जिल्ह्यांतील बाधित शेतकऱ्यांना मदत देण्याचा निर्णय घेतला, यावरून संकटाची व्याप्ती ध्यानात यावी.

त्यानंतर गावोगावी एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : औषध कोणते? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हा प्राणी आहे तरी कोण, आणि त्याचे बळ नेमके कशात आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण गोगलगायीच्या बाबतीत औषधापेक्षा वेळ महत्त्वाची असून, वेळ साधावयाची तर तिचा दिनक्रम व वर्षक्रम ठाऊक असावा लागतो.

एका छंदाचा परिणाम

शेतात उच्छाद मांडणारी ही मोठी, तपकिरी पट्ट्यांच्या निमुळत्या शंखाची गोगलगाय आपल्याकडची नव्हे. ती मूळची पूर्व आफ्रिकेतील. तेथून ती हिंदी महासागरातील बेटांवर पोहोचली आणि सन १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्यास आणल्या. चौरंगी भागातील एका बागेत त्या सोडण्यात आल्या. हेतू वाईट नव्हता. एका अभ्यासकाचे कुतूहल, इतकेच. परंतु त्या बागेतून सुरू झालेला प्रवास आज देशाच्या बहुतेक दमट प्रदेशांत येऊन पोहोचला आहे. जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा शंभर परकीय जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे.

अमेरिकेतील मियामी शहराचा अनुभवही असाच बोलका आहे. सन १९६६ मध्ये एका मुलाने हवाई बेटावरून तीन गोगलगायी खेळ म्हणून घरी आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्यांची संख्या अठरा हजारांवर गेली. त्यांचे निर्मूलन पूर्ण होण्यास १९७५ साल उजाडले व त्यासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला. तीन गोगलगायींचा हा हिशेब शाळेतील मुलांना सांगण्याजोगा आहे. रस्त्यावर सापडलेला सुंदर शंख दप्तरात घालून घरी आणण्याची ओढ मुलांना सर्वत्र सारखीच असते.

या प्राण्याची वाढ इतक्या झपाट्याने होते याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. गोगलगाय उभयलिंगी असते, म्हणजे नर व मादी असा भेद तीत नाही. प्रौढ झालेली प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. शिवाय एकदा समागम झाल्यावर शुक्रबीज ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते, त्यामुळे कुंडीच्या मातीतून आलेली एकटी गोगलगायदेखील नव्या बागेत वसाहत उभी करू शकते. एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत अंडी, आणि वर्षातून अशा अनेक खेपा. अंडी पिवळसर पांढरी, साबुदाण्यासारखी असून ओलसर भुसभुशीत मातीत, दगडाखाली वा झाडाच्या मुळाशी थोड्या खोलीवर पुंजक्याने घातलेली आढळतात. साधारणतः एक ते तीन आठवड्यांत त्यांतून पिले बाहेर पडतात आणि सहा महिने ते वर्षभरात तीही अंडी घालण्याजोगी होतात. आयुर्मान पाच-सहा वर्षांचे, क्वचित त्याहूनही अधिक असते.

तिच्या तोंडात कानशीसारखी असंख्य बारीक दातांची जीभ असते व ती पाने, कोंब, कोवळी साल खरवडून खाते. खाद्याविषयी ती मुळीच चोखंदळ नाही. सुमारे पाचशे प्रकारच्या वनस्पती ती खात असल्याची नोंद आहे. पपई, केळी, भाजीपाला, झेंडू, फळझाडांची रोपे आणि द्विदल पिकांची कोवळी रोपे ही तिच्या विशेष आवडीची. शंख वाढविण्यासाठी तिला चुन्याची गरज असते. म्हणून पावसाळ्यात चुन्याने रंगविलेल्या भिंतींवर ती चढलेली दिसते. भिंतीवर ती काय शोधते, असा प्रश्न गृहिणींना पडतो. ती चुना खरवडत असते.

तिचे वर्ष

गोगलगायीला कोरडेपणा सोसत नाही. तिचे सारे जीवन ओलाव्यावर चालते. पावसाळा संपून हवा कोरडी होऊ लागली की ती दगडांच्या ढिगात, बांधाच्या कपारीत, पाचटाखाली किंवा जमिनीत शिरते, शंखाचे तोंड चुनखडीच्या पातळ पडद्याने बंद करून घेते व निपचित पडून राहते. ही तिची ग्रीष्मनिद्रा. या अवस्थेत ती अनेक महिने अन्नपाण्यावाचून जिवंत राहते. मे महिन्यात बांधावर पडलेले शंख रिकामे समजून शेतकरी दुर्लक्ष करतो. प्रत्यक्षात त्यांतील काही झोपलेले असतात. शंखाचे तोंड पांढऱ्या पडद्याने मिटलेले असेल, तर तो रिकामा नाही, हे ध्यानात ठेवावे.

मृगाचा पाऊस पडला की पडदा गळून पडतो. भुकेलेल्या गोगलगायी बाहेर येतात आणि नेमक्या त्याच वेळी शेतात सोयाबीनची दोन पानांची रोपे वर आलेली असतात. मराठवाड्यातील नुकसानीचे मर्म या योगायोगात आहे. पीक गुडघ्याएवढे झाल्यानंतर गोगलगायीने काही पाने खाल्ली तरी ते तग धरते. परंतु उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिने शेंडा वा दले खाल्ली, तर रोप संपलेच. निद्रेतून उठल्यावर प्रथम खाणे, मग समागम आणि त्यानंतर अंडी, असा तिचा क्रम असतो. म्हणजे पहिल्या चांगल्या पावसानंतरचा पंधरवडा हाच बंदोबस्ताचा खरा काळ. त्या पंधरवड्यात उचललेली एक प्रौढ गोगलगाय म्हणजे पुढची दोन-तीनशे पिले उचलल्यासारखे आहे. शाळेच्या बागेत पन्नास प्रौढ गोगलगायी आहेत आणि प्रत्येकीने सरासरी दोनशे अंडी घातली असे धरले, तर एकाच खेपेत दहा हजार अंडी होतात. त्यांतील बहुसंख्य पिले जगत नाहीत हे खरे असले, तरी जगणारी थोडीही पुष्कळ होतात. ऑगस्टमध्ये मोहीम काढणाऱ्या गावास जूनमधील आळसाची किंमत अशी मोजावी लागते.

विष का नको

गोगलगाय मारण्याची विषारी आमिषे बाजारात मिळतात. त्यांतील मेटाल्डिहाइड हे सर्वाधिक परिचित. त्याच्या गोळ्यांना कोंड्यासारखा वास व चव असल्याने कुत्री त्या खातात व तडफडून मरतात. कोंबड्या, मोर व इतर पक्षी यांनाही धोका संभवतो. पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्या-नाल्यांत जाते. ब्रिटनमध्ये घराबाहेर त्याचा वापर मार्च २०२२ अखेर बंद करण्यात आला, तो वन्य प्राण्यांच्या आणि पाण्याच्या काळजीपोटी. आपल्याकडे गव्हाचा कोंडा व गूळ यांच्या मिश्रणात मिथोमिल हे अतिविषारी कीटकनाशक कालवून आमिष तयार करण्याची पद्धत एके काळी शेतकऱ्यांत रूढ होती. केंद्र शासनाने सन २०२३ मध्ये मिथोमिलवर बंदी घातली. घरात त्याचा जुना साठा असल्यास तो वापरू नये, हे ग्रामपंचायतींनी आवर्जून सांगावयास हवे. गुळाच्या गोळ्यात कालवलेले विष आणि अंगणात खेळणारे मूल यांच्यामधील अंतर फार थोडे असते.

दुसरे एक व्यावहारिक कारणही आहे. पाऊस चालू असताना आमिष विरघळते, आणि गोगलगायी बाहेर येतात त्या नेमक्या पावसात. शिवाय एका शेतातील गोगलगायी विषाने मेल्या, तरी बांधावरच्या, गायरानातल्या व ओढ्याकाठच्या जिवंत राहतात आणि आठवड्यात मोकळ्या झालेल्या शेतात उतरतात.

यावर काही जण सुचवितात की, गोगलगाय खाणारा एखादा परका प्राणी आणून सोडावा. प्रशांत महासागरातील बेटांनी ही चूक करून पाहिली आहे. तेथे आफ्रिकन गोगलगायीचा नायनाट करण्यासाठी अमेरिकेतील मांसाहारी गोगलगायीची एक जात मुद्दाम सोडण्यात आली. हवाईत १९५५ मध्ये, ताहितीत १९७४ मध्ये आणि शेजारच्या मूरिआ बेटावर १९७७ मध्ये. या पाहुणीने मोठ्या आफ्रिकन गोगलगायीपेक्षा तेथील स्थानिक, झाडांवर राहणाऱ्या, कोणासही अपाय न करणाऱ्या छोट्या गोगलगायी खाणे पसंत केले. दहा वर्षांच्या आत मूरिआ बेटावरील त्या स्थानिक जाती निसर्गातून नाहीशा झाल्या. त्यांतील काही जातींचे थोडे जीव परदेशांतील प्राणिसंग्रहालयांत वाढविले गेले, म्हणून त्यांचा वंश राहिला, आणि त्या पुन्हा मूळ बेटांवर सोडण्याचे काम चालू शतकात हाती घ्यावे लागले. मूळ उपद्रवी गोगलगाय मात्र होती तशीच राहिली.

आपल्या सह्याद्रीतही गोगलगायींच्या अनेक स्थानिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक कुजलेली पाने, शेवाळ यांवर जगतात आणि पालापाचोळ्याचे खत होण्यास हातभार लावतात. दिसली गोगलगाय की मार, असे धोरण त्यामुळे योग्य ठरत नाही. मोठ्या, तपकिरी पट्ट्यांच्या, टोकदार शंखाच्या आफ्रिकन गोगलगायीची ओळख पटवून घेऊन तिच्यावरच मोहिमेचा रोख ठेवावा. शंख नसलेल्या शेंबडी काही बागांत त्रास देतात. त्यांनाही खाली दिलेले उपाय बहुतांशी लागू पडतात.

हाताने वेचणी

विषाविना करावयाच्या उपायांत पहिला, दुसरा आणि तिसरा क्रमांक वेचणीचा आहे. बाकीचे उपाय तिला साहाय्यक होत. हे सांगितले की ऐकणाऱ्याची थोडी निराशा होते. काहीतरी फवारावयाचे असेल तर माणसाला उपाय केल्यासारखे वाटते. परंतु मियामीत काय किंवा इतरत्र काय, जेथे जेथे हा प्राणी आटोक्यात आला, तेथे माणसांनी तो वर्षानुवर्षे हाताने गोळा केलेला आहे.

वेचणी आंधळेपणाने केल्यास श्रम फुकट जातात. गोगलगायींना एका जागी बोलावून घेणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी मराठवाड्यात सांगितला जाणारा गोणपाटाचा उपाय सोपा व स्वस्त आहे. दहा लिटर पाण्यात सुमारे एक किलो गूळ विरघळवावा. जुनी गोणपाटे त्यात भिजवून सूर्यास्ताच्या सुमारास बांधाच्या कडेने व पिकाच्या ओळींमधून सात-आठ फुटांच्या अंतराने पसरावीत. गोणपाट नसल्यास वाळलेल्या गवताचे छोटे ढीग त्याच पाण्यात भिजवून ठेवले तरी चालतात. दोनशे फूट लांबीच्या बांधास आठ फुटांच्या अंतराने पंचवीस गोणपाटे पुरतात. गुळाच्या वासाने गोगलगायी रात्री तेथे जमतात आणि उजाडू लागले की ओलावा व सावली यांसाठी त्याच गोणपाटांच्या खाली दडून बसतात. सूर्य वर येण्यापूर्वी गोणपाट उलटावे आणि त्याखालचा सारा माल बादलीत भरावा. घराच्या परसात गोणपाटाऐवजी पपईची किंवा कोबीची जून पाने ओल्या फळीखाली ठेवल्यास तोच परिणाम साधतो.

येथे एक दक्षता घेणे फार जरुरीचे आहे. सापळा सायंकाळी लावून सकाळी उठण्यास उशीर झाला, ऊन चढले, तर गोगलगायी पुन्हा पांगतात; आणि सापळा दोन दिवस तसाच विसरून राहिला, तर तो गोगलगायींसाठी गूळ लावलेले निवासस्थानच ठरतो. जो रोज पहाटे उलटणार नाही, त्याने गोणपाट न पसरलेले बरे.

गोळा केलेल्या गोगलगायी बांधापलीकडे फेकणे, रस्त्यावर टाकणे किंवा ओढ्यात सोडणे हे प्रकार सर्रास आढळतात. त्याने उपद्रव शेजाऱ्याकडे जातो आणि तेथून परत येतो. त्या घट्ट मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टाकाव्यात आणि मेल्यावर विहीर व पाणवठा यांपासून दूर, दोन-तीन फूट खोल खड्ड्यात पुरून त्यावर चुन्याची भुकटी व माती टाकावी. मिठाचा वापर बादलीपुरताच ठेवावा. शेतात किंवा वाफ्यात मीठ पसरल्याने गोगलगायी मरतील, पण जमीनही बिघडेल. मोठे शंख पुरण्यापूर्वी फोडावेत; उघड्यावर पडलेल्या रिकाम्या शंखांत पावसाचे पाणी साचून त्यात डासांची पैदास होते.

मुलांच्या हाती देण्यापूर्वी

शाळांच्या साहाय्याने वेचणीची मोहीम काढण्याची कल्पना आकर्षक आहे. परंतु तीत एक धोका आहे, आणि शिक्षकांनी तो नीट समजून घ्यावयास हवा. उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीची लहान अवस्था उंदराच्या विष्ठेवाटे बाहेर पडते, गोगलगायीच्या शरीरात जाते व तेथे वाढते. कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या गोगलगायीतून किंवा न धुतलेल्या पालेभाजीतून ती माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूच्या आवरणास सूज येऊन गंभीर आजार होऊ शकतो. यामुळे गोगलगाय उघड्या हाताने कोणीही उचलू नये. रबरी हातमोजे, ते नसल्यास हातात घातलेली प्लास्टिकची पिशवी किंवा चिमटा वापरावा. काम संपताच हात साबणाने स्वच्छ धुवावेत. लहान मुलांना या कामातून वगळावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी मोजणी, नोंदी व नकाशा ही कामे करावीत आणि वेचणी मोठ्या माणसांनी करावी, ही विभागणी सर्वांत सुरक्षित. ज्या बागेत गोगलगायी आहेत तेथील कोथिंबीर, पालक, कोबी ही वाहत्या पाण्यात पान अन् पान धुऊन घ्यावी आणि कच्ची खाण्याचे टाळावे. शाळेच्या परसबागेतील भाजी पोषण आहारात वापरली जात असेल, तर स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना हे अवश्य सांगावे.

राख, चुना आणि घरगुती उपाय

बागेभोवती राख, चुन्याची भुकटी, अंड्यांची कवचे, तांब्याची पट्टी असे अडथळे उभारण्याचे सल्ले सर्वत्र मिळतात. त्यांतील तथ्य तपासून घेणे इष्ट. इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने सन २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याची पट्टी, खडी, झाडाच्या सालीचे तुकडे, अंड्यांची कवचे आणि लोकरीच्या गोळ्या यांचे अडथळे सॅलडच्या रोपांभोवती करून पाहिले. अडथळा असलेल्या आणि नसलेल्या रोपांच्या नुकसानीत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. तेथील गोगलगायी व हवामान वेगळे असले, तरी अंड्याच्या कवचांवर विसंबून स्वस्थ राहू नये, एवढा बोध यातून घेता येतो.

कोरडी राख आणि कोरडा विरीचा चुना यांची गोष्ट थोडी निराळी आहे. दोन्ही पदार्थ गोगलगायीचा चिकट स्राव शोषून घेतात व तिच्या मऊ अंगास झोंबतात. म्हणून चार-पाच इंच रुंदीचा सलग पट्टा बांधाच्या आतून ओढल्यास ती तो ओलांडण्यास कचरते. पट्टा कोरडा असेतोवरच हे खरे. एक जोराची सर आली की राखेचा चिखल होतो आणि चुना हळूहळू निवून निरुपद्रवी होतो. जी गोगलगाय ताज्या चुन्यास भिते, तीच भिंतीवरचा जुना चुना आवडीने खाते, यात त्यामुळे विसंगती काही नाही. पावसाची उघडीप असताना, रोपवाटिका किंवा मोजके वाफे यांच्या संरक्षणासाठी हा उपाय करावा. दहा एकरांच्या सोयाबीनभोवती चुना ओढीत बसण्यात अर्थ नाही. चुना हाताळताना डोळ्यांची काळजी घ्यावी.

पाणी देण्याच्या वेळेकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. परसबागेस सायंकाळी पाणी घातले, की रात्रभर जमीन ओली राहून गोगलगायीस हिंडण्यास मोकळे मैदान मिळते. तेच पाणी सकाळी, झाडाच्या बुंध्याशी मोजके घातल्यास रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो. खर्च एक पैशाचा नाही.

बदके व कोंबड्या लहान गोगलगायी आणि अंडी खातात, त्यामुळे पेरणीपूर्वी शेतात व बागेत त्यांना मोकळे सोडल्यास लाभ होतो. पूर्ण वाढलेल्या आफ्रिकन गोगलगायीपुढे मात्र कोंबडीचे काही चालत नाही. आपल्या परिसरातील भारद्वाज पक्षी मोठ्या गोगलगायी फोडून खातो. काजव्यांच्या अळ्याही गोगलगायींवर जगतात. बांधावरील झुडपे मुळासकट काढून टाकण्यापूर्वी त्यांत कोणाचे वास्तव्य आहे, हे पाहिलेले बरे. झुडपे तोडून भारद्वाज घालवावयाचा आणि मग गोगलगायीसाठी विष आणावयाचे, हा व्यवहार तोट्याचाच होय. बांध स्वच्छ ठेवावयाचा म्हणजे त्यावरील दगडांचे ढीग, कुजका पाला, जुन्या तुराट्यांचे भारे हलवावयाचे. झाडे राहू द्यावयाची.

एका शेताचे काम नव्हे

उन्हाळी नांगरट ही जुनी रीत येथेही उपयोगी पडते. एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट केल्याने जमिनीत दडलेल्या गोगलगायी वर येतात व उन्हाने किंवा पक्ष्यांच्या तोंडी पडून नष्ट होतात. याच दिवसांत बांधावरचे मिटल्या तोंडाचे शंख वेचून काढणे हे जूनमधील वेचणीपेक्षा सोपे असते, कारण ते पळून जात नाहीत आणि दिवसाउजेडी दिसतात. उन्हाळ्यात मनुष्यबळही मोकळे असते. तरीही हे काम क्वचितच होते. संकट डोळ्यांपुढे नसताना त्याविरुद्ध श्रम करण्याची सवय आपल्याकडे कमी आहे.

ज्या शेतकऱ्याने सर्व उपाय केले, त्याच्या शेजारच्या पडीक जमिनीत गोगलगायी तशाच राहिल्या, तर त्याची मेहनत एका पावसात धुऊन निघते. गायरान, स्मशानभूमीचे आवार, शाळेचे कुंपण, ओढ्याचा काठ, रस्त्याकडेचे चर या जागा कोणा एकाच्या नसतात. गोगलगायी नेमक्या तेथे उन्हाळा काढतात. ग्रामपंचायतीचे काम येथून सुरू होते. एप्रिलच्या अखेरीस गावाचा साधा नकाशा काढून त्यावर मागील वर्षी उपद्रव झालेली शेते व या सामायिक जागा दाखवाव्यात. कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन वस्तीवार गट ठरवावेत. पहिल्या समाधानकारक पावसानंतर सलग दहा-बारा दिवस, सर्व शिवारांत एकाच वेळी गोणपाटे पसरून पहाटे वेचणी करावी. एका गटाने सोमवारी व दुसऱ्याने पुढच्या रविवारी काम केले, तर गोगलगायींची फक्त जागा बदलते. पुरण्यासाठी खड्डे आधीच खणून ठेवावेत. बादल्या भरल्यानंतर जागा शोधू लागल्यास माल शेवटी ओढ्यातच जातो.

रोज किती गोगलगायी सापडल्या याची नोंद ठेवणे हे कारकुनी काम वाटले, तरी मोहिमेचा प्राण त्यातच आहे. पहिल्या दिवशी एका गोणपाटाखाली वीस आणि दहाव्या दिवशी दोन सापडल्या, तर काम योग्य दिशेने चालले आहे. आकडा घटत नसेल, तर जवळपास एखादे लपण्याचे ठिकाण सुटले आहे असे समजून ते शोधावे. शाळेतील वरच्या वर्गास गणिताचा व आलेखाचा पाठ म्हणून ही नोंदवही देता येईल.

मोहीम संपल्यावर तीन आठवड्यांनी आणखी एक फेरी घेणे अत्यावश्यक आहे. पहिल्या वेचणीतून सुटलेल्यांनी घातलेली अंडी तोपर्यंत फुटलेली असतात आणि नखाएवढी पिले पानांच्या खालच्या बाजूस चिकटलेली दिसतात. या वेळी शंखांपेक्षा मातीकडे अधिक पाहावे. वाफ्याच्या कडेस, कुंड्यांच्या तळाशी, शेणखताच्या ढिगाच्या ओलसर बाजूस माती खुरप्याने हलकेच उकरली, की साबुदाण्यासारखे पुंजके सापडतात. ते काढून चिरडावेत किंवा कडक उन्हात पसरावेत.

नवीन गावात ही गोगलगाय स्वतःच्या पायांनी, म्हणजे पोटाने, क्वचितच पोहोचते. तिला माणसे नेतात. रोपवाटिकेतील पिशव्यांची माती, बांधकामाची वाळू, शेणखताची गाडी, भाजीपाल्याचे क्रेट आणि विटा यांतून तिची अंडी व पिले दूरवर जातात. उपद्रव असलेल्या भागातून कलमे वा रोपे आणल्यास ती लगेच बागेत लावू नयेत; आठ-पंधरा दिवस वेगळी, सिमेंटच्या ओट्यावर ठेवून पिशवीचा तळ व मातीचा वरचा थर तपासावा आणि रात्री विजेरी घेऊन एकदा पाहणी करावी. वृक्षारोपणासाठी ग्रामपंचायती व शाळा दरवर्षी जूनमध्ये शेकडो रोपे आणतात. ही तपासणी रोपे गाडीतून उतरविताना, लागवडीच्या समारंभापूर्वी, झालेली असावी.